घरभर एकच डीव्हीआर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी न्यू जर्सीत राहतो, नोकरी औषध कंपनीत. केबलच्या धंद्याशी माझा संबंध एवढाच की २००९ मध्ये घरात पहिला मल्टी-रूम डीव्हीआर (टीव्हीवरचे कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवणारा, सगळ्या खोल्यांसाठीचा बॉक्स) घेतला आणि पुढे कित्येक शनिवार बेसमेंटमध्ये टॉर्च तोंडात धरून घालवले. त्यातून ओळखीच्या मराठी घरांत ‘टीव्हीचं काय असेल ते त्याला विचारा’ अशी नको ती ख्याती झाली. गणपतीत आरती संपून प्रसाद हातात येतो न येतो, तोच कुणीतरी कोपऱ्यात घेऊन विचारतं, ‘अरे, वरच्या खोलीतला बॉक्स अडकतोय, काय करू?’ तेच ते प्रश्न आणि त्यांची माझ्या परीने उत्तरं इथे एकदाची लिहून ठेवतोय. सगळं अमेरिकेतल्या केबल-सॅटेलाइटबद्दल आहे. भारताबद्दल शेवटाकडे थोडं.

साध्या डीव्हीआरमध्ये आणि मल्टी-रूममध्ये फरक काय?

साधा डीव्हीआर ज्या टीव्हीला जोडलेला, त्याच टीव्हीचा. १९९९ मध्ये टीवो आणि रिप्लेटीव्ही बाजारात आले तेव्हा हार्ड डिस्कवर कार्यक्रम साठवणं हीच नवलाई होती. हॉलमध्ये रेकॉर्ड केलेलं बघायला हॉलमध्येच बसायचं, यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मल्टी-रूममध्ये डिस्क आणि ट्यूनर (वाहिनी पकडणारा भाग) असलेला मुख्य बॉक्स एकच असतो. बाकीच्या खोल्यांत छोटे बॉक्स, आणि त्यांच्यात बहुतेक वेळा डिस्कही नसते आणि ट्यूनरही नसतो. मुख्य बॉक्स पाठवेल ते दाखवायचं, एवढंच त्यांचं काम. हॉलमध्ये अर्धा बघून थांबवलेला सिनेमा बेडरूममध्ये तिथूनच पुढे सुरू होतो. लोक पैसे मोजतात ते या एका सोयीसाठी.

नावं प्रत्येक कंपनीची वेगळी. डिश नेटवर्कचा मुख्य बॉक्स हॉपर आणि छोटा जोई, म्हणजे कांगारू आणि तिचं पिल्लू. डायरेक्टटीव्हीचा जीनी, कॉमकास्टचा एक्सवन, टीवोचा रोमिओ आणि त्याचा मिनी. काम सगळ्यांचं साधारण सारखंच.

सहा ट्यूनर आहेत म्हणजे सहा टीव्ही चालतील ना?

सगळ्यात जास्त गैरसमज इथे. एका वेळी एक वाहिनी पकडायला एक ट्यूनर लागतो, मग ती बघायला असो की रेकॉर्डिंगला. हॉलमध्ये आजोबांच्या बातम्या लाइव्ह चालू, एक ट्यूनर गेला. वर मुलगा बास्केटबॉल बघतोय, दुसरा गेला. रविवारी रात्री चार कार्यक्रम रेकॉर्डिंगला लावलेले, झाले सहा. आता स्वयंपाकघरातला टीव्ही लावलात की पडद्यावर पाटी येते : एखादं रेकॉर्डिंग रद्द करा, नाहीतर दुसरं काहीतरी बघा. आधीच रेकॉर्ड झालेलं बघायला मात्र ट्यूनर लागत नाही. म्हणून आमच्या घरी रविवारचा नियम होता, लाइव्ह एकानेच बघायचं.

घेताना म्हणून ‘किती टीव्ही’ विचारू नका, ‘किती ट्यूनर’ विचारा. २०१२ च्या पहिल्या हॉपरमध्ये तीनच होते. तरी तो रोज संध्याकाळी एबीसी, सीबीएस, फॉक्स आणि एनबीसी या चारही वाहिन्या एकाच ट्यूनरवर रेकॉर्ड करायचा, कारण डिशने त्या चौघी उपग्रहाच्या एकाच ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे सिग्नल खाली पाठवणाऱ्या एकाच भागावर, बसवल्या होत्या. डोकं लावलं होतं कुणीतरी! २०१६ च्या हॉपर ३ मध्ये थेट सोळा ट्यूनर आले आणि भांडणंच संपली.

हॉलमध्ये चित्र झकास, पण वरच्या बेडरूममध्ये चौकोन पडतात, अडकतं. बॉक्स खराब आहे का?

दहापैकी आठ वेळा नाही. फोन केलात की कंपनीचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘बॉक्स बदलून देतो.’ तुम्ही लगेच हो म्हणू नका. का, ते खाली येईलच.

खोल्या एकमेकींशी बोलतात त्या भिंतीतल्या त्याच जुन्या गोल कोॲक्स केबलवरून. या पद्धतीला मोका म्हणतात. केबलच्या वाहिन्या साधारण १००२ मेगाहर्ट्झपर्यंत असतात. मोका त्याच्या वरची, ११२५ ते १६७५ मेगाहर्ट्झची जागा वापरतो. एकाच तारेवर दोन मजले, खाली वाहिन्या आणि वर घरातल्या घरातली रेकॉर्डिंगची वाहतूक. घोटाळा होतो तो मध्ये बसलेल्या स्प्लिटरमध्ये, म्हणजे एका तारेच्या अनेक तारा करणाऱ्या छोट्या डबीत. घर वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं असेल तर त्यावर ‘५-९००’ किंवा ‘५-१०००’ असं कोरलेलं सापडेल. तो खालच्या मजल्यासाठी बनवलेला. वाहिन्या तो नीट सोडतो, म्हणून लाइव्ह टीव्ही दाखवणारा मुख्य बॉक्स तक्रार करत नाही. पण वरची वाहतूक त्याच्यात अडते आणि छोटा बॉक्स रडायला लागतो.

आमच्याकडचा स्प्लिटर बेसमेंटमध्ये वॉटर हीटरच्या मागे, छताच्या दोन फळ्यांमध्ये होता. आधीच्या मालकाने छत रंगवताना तोही पांढरा रंगवून टाकलेला. नखाने रंग खरवडला तेव्हा ‘५-९००’ दिसलं. चार तोंडांचा, त्यातली दोनच वापरात. बाकीची दोन उघडी, एकात कोळ्याचं जाळं. चार तोंडांच्या स्प्लिटरच्या प्रत्येक तोंडावर सिग्नल साधारण ७ डेसिबलने कमी होतो, दोन तोंडांच्यावर साडेतीन. म्हणजे न वापरलेल्या दोन तोंडांपायी मी निम्म्याहून जास्त सिग्नल घालवत होतो. तोवर कंपनीचा माणूस तीनदा येऊन गेला होता आणि बॉक्स दोनदा बदलून झाला होता. छताकडे एकानेही मान वर करून पाहिलं नव्हतं. मी दोन तोंडांचा, १६७५ मेगाहर्ट्झ लिहिलेला स्प्लिटर आणून लावला आणि त्या रात्रीपासून बेडरूममधलं चित्र एकदाही अडकलं नाही.

तेव्हा आधी हे बघा. स्प्लिटरवरचा आकडा वाचा. जरुरीपेक्षा जास्त तोंडं असतील तर लहान स्प्लिटर लावा. उरलेल्या तोंडावर ७५ ओमचं टोपण घट्ट बसवा. टीव्हीमागची पिळायची पिन हाताने हलत असेल तर पान्याने हलकेच आवळा. वाटेत जुना सिग्नल बूस्टर असेल तर तो मोकाला सोडतो का ते तपासा, जुने बहुधा सोडत नाहीत. आणि केबल घरात शिरते तिथे, पहिल्या स्प्लिटरच्या आधी, पीओई फिल्टर नावाची बोटाच्या पेराएवढी नळी हवी. टाउनहाउसमध्ये तर हवीच. ती नसेल तर तुमच्या घरातली वाहतूक तारेतून बाहेर, शेजाऱ्याकडे जाऊ शकते. सॅटेलाइटवाल्यांचे स्प्लिटर वेगळे असतात, तिथे हे केबलचे लावू नका.

तार नको, वाय-फायवर चालणार नाही का?

काही छोटे बॉक्स चालतात. भिंतीत आधीच तार असेल तर तारेवरच ठेवा. वरच्या मजल्यावर मायक्रोवेव्ह लागला की चित्र थांबतं, अशी तक्रार घेऊन माझ्याकडे येऊ नका.

मॅचची शेवटची ओव्हर कापली गेली. असं का?

डीव्हीआरला मॅच कळत नाही, गाइडमधली (पडद्यावरच्या कार्यक्रमांच्या वेळापत्रकातली) वेळ कळते. गाइडमध्ये सामना दीडला संपतो म्हटलं की तो दीडला झोपतो. लाइव्ह खेळाला नेहमी शेवटी एक तास जादा लावा, क्रिकेटला दीड-दोन. अमेरिकनांचंही हेच दुखणं आहे : रविवारी फुटबॉल लांबलं की सीबीएसवरचा पुढचा कार्यक्रम सरकतो आणि रेकॉर्डिंगमध्ये अर्धा तास फुटबॉल आणि अर्धाच कार्यक्रम निघतो. पण जादा तासालाही ट्यूनर लागतो, हे विसरू नका.

२ एप्रिल २०११ चा वर्ल्ड कप फायनल इथे ईस्ट कोस्टला पहाटे पाचला सुरू झाला. आमच्याकडे चार घरं जमली होती, म्हणून रेकॉर्डिंग ‘फक्त आठवण म्हणून’ लावलं होतं, तीन तास जादा. ती आठवण पुढे कुठे गेली तेही खाली येईल.

मराठी मालिकांचं सीरिज रेकॉर्डिंग नीट का होत नाही?

‘फक्त नवीन भाग’ हा पर्याय गाइडमधल्या पहिल्या प्रक्षेपणाच्या तारखेवर चालतो. इंग्रजी वाहिन्यांच्या गाइडमध्ये ती माहिती बारकाईने भरलेली असते. आपल्या वाहिन्यांच्या गाइडमध्ये अनेकदा नुसतं मालिकेचं नाव. मग बॉक्स एक तर दिवसातले सगळे पुनःप्रक्षेपण रेकॉर्ड करतो, नाहीतर काहीच नाही. कुणा मावशींच्या मालिकेचा एकच भाग चार वेळा आणि डिस्क भरलेली, हे दृश्य मी तीन घरांत पाहिलंय.

उपाय जुन्या व्हीसीआरसारखा : वाहिनी आणि वेळ हाताने घालून सोमवार ते शनिवार लावायचं. वाहिनी भारतातल्या घड्याळाप्रमाणे चालत असेल तर मार्च आणि नोव्हेंबरमध्ये जागे राहा. भारतात घड्याळ पुढे-मागे होत नाही. तिथले रात्रीचे आठ म्हणजे इथे उन्हाळ्यात सकाळचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेनऊ. घड्याळ बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी हमखास फोन येतो, ‘अरे, मालिकेऐवजी भलतंच काहीतरी रेकॉर्ड झालंय.’

माझं रेकॉर्डिंग कुणी पुसलं?

घरातल्याच कुणीतरी. कुठल्याही खोलीतून कुठलंही रेकॉर्डिंग पुसता येतं, ही सोय आहे तशी कटकटही. सहा महिन्यांसाठी आलेले सासरे बघून झालं की प्रामाणिकपणे ‘डिलीट’ दाबायचे, ताट घासून ठेवावं तसं. ते कार्यक्रम आम्ही अजून पाहिलेलेच नसायचे. शिवाय डिस्क भरली की बॉक्स स्वतःहून सगळ्यात जुनं पुसतो. जपायचं असेल त्याला ‘मी पुसेपर्यंत ठेव’ असा पर्याय लावा आणि पाहुणे यायच्या आधी ‘नुकतंच पुसलेलं’ हा फोल्डर आपल्या बॉक्समध्ये कुठे आहे ते शोधून ठेवा. बऱ्याच बॉक्सवर पुसलेलं काही काळ तिथून परत आणता येतं.

डिस्कवर किती तास मावतात?

टीवोच्या हिशेबाने १ टेराबाइटवर एचडीचे सुमारे १५० तास. हॉपर ३ ची २ टेराबाइटची डिस्क ५०० तासांचा दावा करते, कारण तिथलं चित्र जास्त दाबून बसवलेलं असतं. पाच माणसांच्या घरात १५० तास दीड महिन्यात भरतात.

बॉक्स बदलला किंवा कंपनी बदलली तर जुनी रेकॉर्डिंग नव्यावर येतील का?

भाड्याच्या बॉक्सच्या डिस्कवर असतील तर नाही. डिस्क त्या बॉक्सशी कुलूपबंद असते. काढून कॉम्प्युटरला लावलीत तरी वाचता येत नाही. स्वतःच्या टीवोवरही बऱ्याच वाहिन्यांवर ‘एकदाच कॉपी’ अशी खूण येते, आणि ती एक कॉपी म्हणजे तुमचं रेकॉर्डिंगच. पुढे कुठेही हलवायची परवानगी संपली.

आमचा २०११ चा फायनल अशाच पहिल्या बदललेल्या बॉक्ससोबत गेला. त्याचं फारसं दुःख नाही, हायलाइट्स जगभर आहेत. दुसऱ्या बॉक्ससोबत मात्र मुलीच्या शाळेचा हिवाळी कार्यक्रम गेला. गावच्या लोकल केबल वाहिनीवर एकदाच दाखवला होता. ती दुसऱ्या रांगेत, डोक्यावर कागदी मुकुट, आणि गाण्याच्या मध्येच कॅमेऱ्याकडे बघून हात हलवलेला. मी कंपनीच्या काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, निदान एक दिवस बॉक्स राहू द्या, टीव्हीवर लावून फोनने शूट करून घेतो. तिने बॉक्स आधीच मागच्या ढिगात ठेवला होता. आणि तो बिघडलेला नव्हताच, बिघडलेला होता तो बेसमेंटमधला स्प्लिटर. म्हणून म्हणतो, आधी तार, मग बॉक्स. आणि घरचं काही टीव्हीवर आलं असेल तर त्याच आठवड्यात कुठल्याही मार्गाने उतरवून घ्या.

मग स्वतःचाच बॉक्स का घेऊ नये?

काही वर्षं हे सगळ्यात चांगलं उत्तर होतं. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने ग्राहकाला दुसऱ्याचा बॉक्स वापरता यावा असं म्हटलं, त्यातून केबलकार्ड आलं. कंपनीकडून कार्ड आणायचं, टीवोत सरकवायचं, की वाहिन्या उघडतात. एका कार्डावर सहा वाहिन्या, म्हणून टीवोचे बॉक्सही सहा ट्यूनरपाशी थांबले. कार्ड जोडायला आलेल्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदाच कार्ड पाहिलंय, असा अनुभव आमच्यातल्या निम्म्या लोकांचा. एकदा जमलं की मात्र सुख. पण २०२० मध्ये एफसीसीने (अमेरिकेच्या दूरसंचार नियामक संस्थेने) कार्डासंबंधीचे नियम काढून टाकले आणि २०२५ च्या ऑक्टोबरपासून टीवोने डीव्हीआर विकणंच थांबवलं. जुना वापरात असेल तर चालू दे. नवीन घ्यायला आता सांगणार नाही.

बिल एवढं कसं वाढतं?

कारण मोजणी खोलीनुसार असते. मुख्य बॉक्सचं भाडं, डीव्हीआर सेवेचं वेगळं, प्रत्येक छोट्या बॉक्सचं आणखी. त्याखाली ‘ब्रॉडकास्ट टीव्ही फी’, ‘रीजनल स्पोर्ट्‌स फी’ अशा सरकारी वाटणाऱ्या ओळी. त्या कर नाहीत, कंपनीने लावलेल्या असतात. पाहुण्यांच्या खोलीतला बॉक्स वर्षातून दीड महिना लागत असेल तर परत करून टाका.

२०१९ मध्ये झालेल्या टेलिव्हिजन व्ह्यूअर प्रोटेक्शन ॲक्टमुळे दोन गोष्टी हाताशी आल्या : कंपनीने न दिलेल्या यंत्राचं भाडं तिला लावता येत नाही, आणि सेवा घेताना सगळं धरून एकूण रक्कम लेखी कळवावी लागते. ती कळवल्यापासून २४ तासांत दंड न भरता नाही म्हणता येतं. ती ईमेल जपून ठेवा. ‘बिलात भलतंच लागलंय’ म्हणून येणाऱ्यांना मी पहिल्यांदा तीच मागतो, आणि बहुतेकांनी ती उघडलेलीही नसते.

जाहिराती आपोआप गाळता येतात का?

डिशने २०१२ मध्ये हॉपरवर ‘ऑटोहॉप’ आणलं आणि मोठी नेटवर्क्स कोर्टात गेली. घरी बसून नंतर बघण्यासाठी रेकॉर्ड करणं बेकायदा नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९८४ च्या बीटामॅक्स (सोनीचा व्हिडिओ रेकॉर्डर) खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलेलं होतंच. फॉक्सला २०१३ मध्ये अपील कोर्टातही तातडीची मनाई मिळाली नाही. शेवटी तडजोड झाली ती अशी की फॉक्सच्या कार्यक्रमात पहिले सात दिवस जाहिराती आपोआप गाळल्या जाणार नाहीत. बाकी ठिकाणी रिमोटवरचं तीस सेकंद पुढे जायचं बटण आहेच. छोट्या बॉक्सवर ते दाबलं की जरा उशिरा उडी मारतं, कारण आदेश आधी मुख्य बॉक्सकडे जाऊन येतो.

क्लाउड डीव्हीआरवर गेलं तर या सगळ्यातून सुटका ना?

स्प्लिटरपासून सुटका, हो. ही कल्पना आधी लाँग आयलंड आणि न्यू जर्सीत केबल देणाऱ्या केबलव्हिजनची. २००६ मध्ये तिने डिस्क ग्राहकाच्या घराऐवजी स्वतःकडे ठेवायची म्हटलं, तेव्हा स्टुडिओंनी खटला भरला. २००८ मध्ये अपील कोर्टाचा निकाल केबलव्हिजनच्या बाजूने लागला आणि २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो ऐकायला नकार दिला. गंमत अशी की प्रत्येक ग्राहकाची कॉपी वेगळी ठेवणं हे तिथे महत्त्वाचं ठरलं. एकच कार्यक्रम हजार जणांनी लावला तर हजार कॉप्या.

आता यूट्यूब टीव्हीसारख्या सेवांत जागेची मर्यादा नाही, पण रेकॉर्डिंग नऊ महिन्यांनी जातं आणि मूळ पॅकेजमध्ये एका वेळी तीनच ठिकाणी बघता येतं. म्हणजे ट्यूनरचं भांडण गेलं, त्याच्या जागी हे आलं. इंटरनेट गेलं की रेकॉर्ड केलेलंही दिसत नाही, हे आईला समजावताना मला घाम फुटला होता.

बंद केल्यावरही बॉक्स गरम का लागतो?

कारण तो बंद नसतो, फक्त दिवा विझलेला असतो. २०११ मध्ये एनआरडीसी या पर्यावरण संस्थेने मोजलं होतं : एक एचडी डीव्हीआर आणि एक एचडी बॉक्स मिळून वर्षाला ४४६ युनिट, नव्या काटकसरी फ्रिजपेक्षा जास्त. हल्लीचे बॉक्स बरे. कपाटात कोंडू नका आणि वर देवाचा फोटो ठेवू नका, हवा लागू द्या.

भारतात असं घरभराचं रेकॉर्डिंग मिळतं का?

टाटा स्कायने २००८ मध्ये रेकॉर्डिंगचा बॉक्स आणला आणि नंतर इतरांनीही, पण डिस्क असलेल्या बॉक्सचं रेकॉर्डिंग सहसा त्याच बॉक्सच्या टीव्हीवर. स्वस्त बॉक्समध्ये पेन ड्राइव्हवर रेकॉर्ड करायची सोय असते. तो पेन ड्राइव्ह शेजारच्या खोलीतल्या बॉक्समध्ये घातला तर सहसा काही दिसत नाही. घरभराचा एक डीव्हीआर तिथे रुजायच्या आतच लोक मोबाइलवर गेले.

बॉक्स परत करताना काय लक्षात ठेवू?

मागचा अनुक्रमांक फोनने टिपून घ्या. रिमोट आणि वीजेची तार सोबत न्या, नाहीतर त्याचे वेगळे पैसे लागू शकतात. छोटे बॉक्स मोजून न्या. एका मित्राचा एक जोई गॅरेजमध्ये राहिला आणि चार महिने त्याचं भाडं जात होतं. पावती घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. माझ्या शेवटच्या बॉक्सची पावती २०१७ ची आहे, अक्षरं पार उडाली आहेत. तरी बायको ती टाकू देत नाही.